नव्व्याण्णव रुपयांसाठी आयोगाची पायरी कोण चढणार?

प्रति,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : ऑनलाइन व्यवहारांतील अनुचित प्रथांविरुद्धचे प्रस्तावित नियम

महोदय,

ई-कॉमर्स नियमांतील सुधारणांचा मसुदा आपल्या मंत्रालयाने २१ जून २०२१ रोजी हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केला, परंतु त्याला अद्याप अंतिम रूप मिळालेले नाही. दरम्यान, ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तेरा ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ॲप व संकेतस्थळांवरील ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्या, प्रतिबंधित केले. ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई, न विचारता खरेदीत घुसवलेला विमा, पैसे भरताना अचानक उगवणारे शुल्क आणि सहज सुरू होणारे पण बंद करण्याची वाट न सापडणारे सदस्यत्व, हे सारे त्यांत आले आहे. यादी नेमकी आहे. माझे म्हणणे आहे ते ग्राहकाच्या पदरात त्यानंतर काय पडते, याविषयी.

कागदावर पाहता काहीच उणे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारावर तक्रारीचे शुल्क नाही आणि अर्जही ऑनलाइन भरता येतो. पण सोलापुरातल्या एखाद्या यंत्रमाग कामगाराच्या किंवा विडी वळणाऱ्या बाईच्या खात्यातून महिन्याला ९९ रुपये परस्पर वजा होत असतील, तर त्यासाठी कामावर खाडा करून ग्राहक आयोगाच्या तारखांना कोण उभे राहील? कंपनीचे सारे गणित याच उत्तरावर बेतलेले असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर चिकाटीने पाठपुरावा करणाऱ्याला पैसे परत मिळतातही, मात्र त्याच पद्धतीने नाडल्या गेलेल्या इतरांचे पैसे कंपनीकडेच राहतात.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे. एखादी प्रथा अनुचित ठरली, की त्या प्रथेने ज्यांच्याकडून पैसे घेतले त्या सर्वांना, त्यांनी तक्रार केलेली असो वा नसो, कंपनीने स्वतःच्या नोंदींवरून ठरावीक मुदतीत रक्कम परत करावी, तीही कूपनच्या रूपात नव्हे तर मूळ खात्यात. हे अशक्य नाही. कायद्याच्या कलम २० खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला परताव्याचा आदेश देण्याचा अधिकार आहेच, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल रॅपिडो या प्रवासी वाहतुकीच्या ॲपला १० लाखांचा दंड करताना प्राधिकरणाने ग्राहकांना जाहिरातीत कबूल केलेले, पण न दिलेले ५० रुपये देण्यासही सांगितले. जे एका प्रकरणात घडले ते नियम म्हणून लिहिले जावे, एवढेच मागणे आहे. केवळ दंड सरकारजमा झाल्याने फसलेल्या माणसाला काही मिळत नाही, आणि मोठ्या कंपनीला १० लाख हा जाहिरातखर्चाचाच एक भाग वाटू शकतो.

सोलापूरकर म्हणून आणखी एक गोष्ट मांडणे भाग आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी या नावाखाली कुठलेही पातळ, छापील कापड ऑनलाइन विकता येते. घेणारा दूरच्या गावी असतो, विक्रेता नाव बदलून पुन्हा दुकान मांडतो आणि संकेतस्थळ ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ म्हणून मोकळे होते. घेणाऱ्याचे पैसे जातात आणि पत जाते ती इथल्या मागाची. विक्रेत्याच्या कसुरीमुळे ग्राहकाचे नुकसान झाल्यास संकेतस्थळालाही जबाबदार धरण्याची तरतूद २०२१ च्या मसुद्यात होती. ती नव्या नियमांत हवी, आणि मानांकित नाव वापरणाऱ्या विक्रेत्याचा त्या नावावरील अधिकार तपासण्याची जबाबदारीही तिच्यासोबत हवी.

राहिला प्रश्न जिल्हा पातळीचा. अनेक ग्राहकांच्या हक्कभंगाच्या तक्रारीची चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठवण्याचा अधिकार कलम १६ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. परंतु त्या कलमात ‘करू शकतील’ असे आहे, मुदत कुठेच नाही. ती घालावी. शिवाय अन्यायकारक कराराविरुद्धची तक्रार आज फक्त राज्य व राष्ट्रीय आयोगापुढेच चालते. ॲपवर ‘मान्य आहे’ दाबताना स्वीकारलेल्या एकतर्फी अटी हा करारच असतो, आणि त्यांच्याविरुद्ध ९९ रुपयांच्या ग्राहकाला राज्य आयोगापर्यंत जावे लागणे हे त्याला दाद नाकारण्यासारखेच आहे. हा अधिकार जिल्हा आयोगाला देण्यासाठी कायद्यातच दुरुस्ती लागेल. ती प्रस्तावित नियमांबरोबरच संसदेपुढे आणावी आणि नवा मसुदा मराठीतही प्रसिद्ध करून हरकती मराठीतून स्वीकाराव्यात, ही विनंती.

आपला,
सोलापूर येथील एक ग्राहक