किराणा आणावा, पण सायकलवरून

संपादक महोदय,

सोसायटीतील वृद्धांना किराणा आणि औषधे आणून देत सुटीत चार पैसे मिळवणाऱ्या लातूरच्या मुलांविषयीचा आपल्या दैनिकातील लेख आणि त्यावर ‘ही बालमजुरीच आहे’ असा आक्षेप घेणारे पत्र वाचले. हा आक्षेप मला पटत नाही. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनुसार, मोजके अपवाद सोडता, १४ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवता येत नाही. १४ ते १८ वयोगटाला मनाई आहे ती धोकादायक कामांची, आणि शेजारच्या आजींना तूरडाळ आणून देणे त्यात निश्चितच मोडत नाही. शिवाय वर्षभर शिकवणीवर्गांत अडकलेल्या आमच्या लातूरच्या मुलांना दुकानदाराशी हिशेब करता आला, तर बिघडले कुठे?

खरी चिंता आहे ती स्कूटीची. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना केवळ ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीपुरता असतो, तर गल्लोगल्ली धावणाऱ्या बहुतेक स्कूटी त्याच्या दुपटीहून अधिक क्षमतेच्या असतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, याची कल्पना घरातली किल्ली हौसेने मुलाच्या हाती देणाऱ्या किती जणांना असेल? सामान मागवणाऱ्यांनीच ‘पायी किंवा सायकलवरून येणार असशील तरच’ अशी अट घालावी आणि एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हात कोणालाही पाठवू नये.

– एक निवृत्त शिक्षिका, लातूर