पाण्याच्या मीटरला पल्ससोबत चार-वीस मिलिअँपही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंबडच्या एमआयडीसीत मी 26 वर्षं पॅनल वायरिंग करतो, राहतो ओझरला. त्यामुळे सुटीच्या दिवशी मळ्यातली बोलावणी ठरलेलीच.

ऑक्टोबर छाटणीनंतर शेजारच्या द्राक्षबागेत गेलो. ठिबकच्या खताच्या लाइनवर नवाकोरा डिजिटल फ्लो सेन्सर. आत चुंबक लावलेली चक्री, वर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. या अर्ध्या इंची मीटरला लिटरमागे साधारण 450 पल्स, म्हणजे विजेचे ठोके, पडतात. ते मोजणारं पॅनल मात्र विहिरीवर, दोनशे मीटर लांब, आणि सेन्सरची वायर मोटरच्या केबलशेजारून एकाच चरात टाकलेली. स्टार्टर उचलला की पाणी नसतानाही लिटर वाढायचे! पुढे घुशीनं वायरच कुरतडली. पॅनलवर शून्य दिसलं म्हणून गड्यानं फिल्टर दोनदा धुतला आणि खत पुन्हा सोडलं. वेलींना दुप्पट डोस.

चार ते वीस मिलिअँपचा अ‍ॅनालॉग आउटपुट, म्हणजे पाण्याच्या वेगाप्रमाणे कमी-जास्त होणारा करंट, असता तर हे कळलं असतं. त्यात पाणी बंद असतानाही 4 मिलिअँप येतातच. वायर तुटली तर 0. शिवाय करंट असल्यानं लांबच्या वायरीतल्या व्होल्टेजच्या घटीनं आकडा बदलत नाही.

शेवटी चर वेगळा केला, सेन्सरजवळच पल्सचा करंट करणारा कन्व्हर्टर बसवला (सेन्सरपेक्षा महाग पडला) आणि 30 लिटर प्रति मिनिटाला 20 मिलिअँप असं सेट केलं. मग 20 लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ. बादली 80 सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला 15 लिटर, मल्टिमीटरवर 12.1 मिलिअँप. 15 म्हणजे 30 च्या निम्मे, म्हणून 4 आणि 20 च्या मधोमध बरोबर 12 हवे होते, पण खताला एवढं चालतं.

विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, “आता सगळं डिजिटल, अ‍ॅनालॉग कोण मागतं?” आम्ही मागतो ना! एकूण लिटर मोजायला पल्सच चांगले, ते काढा असं कुणी म्हणत नाही. पण आपल्याकडच्या कित्येक जुन्या पॅनलना वेगवान पल्स मोजताच येत नाहीत, अ‍ॅनालॉग इनपुट मात्र रिकामे पडलेले असतात. वाघाड धरणाच्या पाटाचं पाणी घनमीटरनं मोजून घेणाऱ्या या भागात मीटरवाल्यांना हे वेगळं सांगावं लागू नये. अंबड-सातपूरच्या कारखानदारांनी दोन्ही आउटपुट एकाच मीटरवर द्यावेत, त्याला लागणाऱ्या 24 व्होल्टची सोय आम्ही करू.

त्या बागायतदारानं पॅनलच्या दारावर आतून खडूनं लिहून ठेवलंय: ‘4 – पाणी बंद. 0 – वायर बघ.’

– एक वायरमन, ओझर (ता. निफाड, जि. नाशिक)