‘तीन पिकलेली केळी’ म्हणजे नेमकी किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की बहुतेक मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत घरच्या घरी करायच्या केकच्या कृती येऊ लागतात. पिकून गेलेल्या फळांचा केक त्यांत हमखास असतो आणि साहित्यात ‘पिकलेली केळी : ३’ एवढेच छापलेले असते. घरचा केक बिघडायला ही एक ओळ पुरते. आपण या कृती छापताना फळाचा आकडा न देता सोललेल्या गराचे वजन द्यावे, एवढीच विनंती आहे. ती कशासाठी, हे जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे केळे एकाच आकाराचे नसते. वेलची केळे सोलल्यावर जेमतेम ४०-५० ग्रॅम भरते. जळगावकडून येणारे ग्रँड नैन १२० ग्रॅमच्या आसपास असते. वसईकडची राजेळी त्याहूनही मोठी. म्हणजे ‘तीन केळी’ घेताना एका घरात १३० ग्रॅम गर पडतो, तर दुसऱ्या घरात ४०० ग्रॅम. केळ्याच्या गरात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. मैदा तेवढाच ठेवून गर तिप्पट झाला, तर केकच्या तळाशी चिकट, ओलसर पट्टा राहतो आणि ओव्हनमधून काढल्यावर मधला भाग खाली बसतो. मग दोष ओव्हनला दिला जातो. गर कमी पडला तर केक कोरडा होतो आणि सोड्याला पुरेसे आम्ल न मिळाल्याने त्याला साबणासारखी चव येते.

या दिवसांत फळे साचण्याचे कारणही आपल्या घरातलेच आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटापुढे पाच फळे मांडली जातात आणि उद्यापनाच्या हळदीकुंकवात प्रत्येकीच्या हातात फळ, बहुधा केळेच, दिले जाते. नाताळाच्या आगेमागे अनेक घरांत डझन-दीड डझन केळी, दोन-चार चिकू आणि एखादी पपई एकदमच पिकून बसते. यातले काहीही टाकून द्यायची गरज नाही. फक्त पिकलेले कोणते आणि सडलेले कोणते, हे आधी ओळखावे लागते.

सालीवर काळे-तपकिरी ठिपके, साल पातळ झालेली, गर मऊ पण फिकट पिवळा आणि वास गोड : हे केकसाठी उत्तम केळे. हिरव्या केळ्याच्या गरात २० टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो आणि पिकताना त्यातला बहुतेक साखरेत बदलतो. केकला गोडवा आणि वास येतो तो या बदलातून. साल पूर्ण काळी असली तरी आतला गर स्वच्छ असेल तर चालते. पण देठाशी पांढरी-राखाडी बुरशी दिसत असेल, पाणी सुटत असेल, दारूसारखा किंवा आंबूस वास येत असेल, तर ते फळ टाकावेच. मऊ फळात बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा खोलवर गेलेले असतात. तेवढा भाग कापून उरलेले वापरणे योग्य नाही. सफरचंदावर वाढणारी एक बुरशी पॅट्युलिन नावाचे विष तयार करते आणि केकच्या भाजणीत ते पूर्ण नाहीसे होत नाही. ‘ओव्हनमध्ये सगळे मरते’ ही समजूत म्हणूनच घातक आहे.

दुसरी समजूत काळ्या सालीबद्दलची. कच्ची केळी फ्रीजमध्ये ठेवली तर साल काळी पडते, कारण साधारण १३ अंशांखालची थंडी केळ्याला सोसत नाही. आतला गर मात्र घट्ट आणि पिठूळच राहतो. ओव्हनमध्ये पंधरा मिनिटे ठेवून केळी ‘पिकवण्याची’ युक्तीही अशीच. साल काळी होते, गर मऊ पडतो, पण चार-पाच दिवसांच्या पिकण्यातून येणारी गोडी काही येत नाही. घाई असेल तर केळी सफरचंदासोबत कागदी पिशवीत बांधून बाहेर ठेवावीत. सफरचंदातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने ती एक-दोन दिवस लवकर पिकतात.

एकदम जास्त केळी पिकली तर सोलून, ३०० ग्रॅमच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाकावीत. दोन-तीन महिने टिकतात. वितळल्यावर बरेच पाणी सुटते. ते ओतून देऊ नये, साखर आणि वास त्यातच उतरलेला असतो. छोट्या पातेल्यात आटवून निम्मे करावे आणि गार करून गरात परत घालावे.

आता प्रमाण. गर ३०० ग्रॅम, मैदा २२० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, तेल ८० ग्रॅम, अंडी २, दही ५० ग्रॅम, खायचा सोडा चहाचा पाऊण चमचा (सपाट), बेकिंग पावडर अर्धा चमचा, मीठ चिमूटभर. अंडी नको असतील तर दही १५० ग्रॅम घ्यावे आणि आठ-दहा मिनिटे जास्त भाजावे. निम्मे गव्हाचे पीठ वापरले तर दोन मोठे चमचे दूध वाढवावे, कारण कोंडा पाणी ओढतो. केळी गोड म्हणून साखर १०० ग्रॅमपर्यंत उतरवता येते. ८० च्या खाली मात्र जाऊ नये. साखर केक मऊही ठेवते, ती फार कमी केली की केक रबरासारखा होतो.

केळी काट्याने कुस्करावीत, मिक्सरला लावू नयेत. मिक्सरमधल्या गुळगुळीत लगद्याने केक दडस आणि चिकट होतो. गर, साखर, तेल, अंडी आणि दही एकत्र फेटावे, मग मैदा, सोडा, बेकिंग पावडर व मीठ दोनदा चाळून त्यात घालावे. इथून पुढे फेटणे बंद. कालथ्याने खालून वर दहा-पंधरा वेळा फिरवावे आणि कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे. जास्त ढवळले तर मैद्याचा चिवटपणा वाढून केकमध्ये लांबट बोगदे पडतात. मिश्रण तयार झाल्यावर ताटकळत ठेवू नये. केळी आणि दह्यातले आम्ल मिळताच सोडा वायू सोडू लागतो आणि वीस मिनिटांत त्याचा जोर ओसरतो. ओव्हन आधी तापवायचा तो यासाठी.

९ × ५ इंचांचे लांबट किंवा ८ इंचांचे गोल भांडे घ्यावे. १७० अंशांवर लांबट भांड्याला ५५ ते ६५ मिनिटे, गोल भांड्याला ४० ते ४५. पिकलेल्या फळातल्या साखरेमुळे वरचा भाग लवकर काळवंडतो, म्हणून अर्ध्या तासानंतर वर फॉइल सैल ठेवावी. सळई घालून पाहताना ती केळ्याच्या तुकड्यात गेली तर केक शिजलेला असूनही ओली निघते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी पाहावे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवून मग मंद आच ठेवावी.

हेच प्रमाण डोळे झाकून दुसऱ्या फळाला लावू नये. चिकूला केळ्याएवढे आम्ल नसते. २५० ग्रॅम गराला दही १०० ग्रॅम करावे, सोडा पाव चमच्यावर आणावा आणि बेकिंग पावडर दीड चमचा घ्यावी. पपईत नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणी असते. ५०० ग्रॅम गर कढईत आटवून ३०० ग्रॅमवर आणावा. आटवताना तिच्यातले पाचक द्रव्यही निष्क्रिय होते. तसे न करता कच्चा गर दूध-दह्यात घालून ठेवला तर कडवटपणा येतो. पेरू गाळून घ्यावा, बिया दाताखाली फार येतात. राजेळी काळी झाली तरी घट्टच राहते, तिला अर्धी वाटी दूध जास्त लागते. आगाशीकडची सुकेळी (सुकवलेली केळी) मिळाली तर बारीक चिरून बेदाण्यांऐवजी जरूर घालावीत. मैद्यात घोळवली की ती तळाशी बसत नाहीत.

वाटण्यासाठी केक करणाऱ्यांसाठी एक सूचना प्रत्येक कृतीसोबत छापायला हवी. ताज्या फळांचा केक म्हणजे प्लम केक नव्हे. प्लम केकमध्ये सुका मेवा आणि भरपूर साखर पाणी धरून ठेवतात, म्हणून तो आठवडेच्या आठवडे टिकतो. केळ्याचा केक बाहेर दोन दिवस आणि फ्रीजमध्ये पाच दिवस, त्यापुढे नाही. गरम असताना डब्यात बंद केला तर आत वाफ साचून बुरशी आणखी लवकर येते. जाळीवर निदान दोन तास पूर्ण निवू द्यावा, मग गुंडाळावा. दुसऱ्या दिवशी त्याची चव अधिक मुरते. नाताळच्या सकाळी द्यायचा असेल तर तो २३ तारखेच्या संध्याकाळी किंवा २४ ला सकाळी भाजावा. आधीच करून ठेवायचा तर कापून, तुकडे वेगवेगळे गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि देण्याच्या आदल्या रात्री बाहेर काढावेत.

आपली,
एक वाचक, वसई