फुग्यावरचा कंदील, मैद्याची खळ आणि किल्ल्यावरचे मावळे

स्टुटगार्ट,
१० ऑक्टोबर २०२६

सौ. वहिनीस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत अर्णव आणि ईराला घरातल्याच वस्तूंतून काय करायला देता येईल, असं तुम्ही विचारलंत. इथल्या बालवाड्यांत सध्या कंदिलांचाच मोसम आहे. ११ नोव्हेंबर हा सेंट मार्टिनचा दिवस. त्या सुमारास अंधार पडला की मुलं स्वतः केलेले कंदील काठीला टांगून गाणी म्हणत गावातून फिरतात. यंदा आपलं लक्ष्मीपूजन ८ तारखेला, म्हणजे दोन्ही सण अगदी खेटून आलेत. इथे जो कंदील काठीला लागतो तोच तुमच्या गॅलरीत टांगता येईल, म्हणून त्याचीच कृती नीट लिहिते.

मोबाइलवर ‘पाच मिनिटांत कंदील’ दाखवतात, त्यात वाळायला लागलेले दोन दिवस कापून टाकलेले असतात. मुलांच्या हातची वस्तू बिघडते ती बहुतेक वेळा ओली असतानाच पुढचं करायला घेतल्यामुळे. तेव्हा एका बैठकीत उरकायचा बेत करू नका. दसरा झाला की सुरुवात करा, रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास, आणि मध्ये वाळायला भरपूर वेळ.

सगळ्यात आधी खळ. पतंगाच्या कागदाला बाजारचा पांढरा गोंद तसाच लावला तर त्याचे कडक, चकचकीत ठिपके राहतात आणि मुलं बाटली अर्ध्या तासात रिकामी करतात. मैद्याची खळ कागदात मुरते, हातावरून पाण्याने निघते आणि चुकून तोंडात गेली तरी धास्ती नाही. ३० ग्रॅम मैदा घ्या, म्हणजे पोहे खायच्या चमच्याने सपाट चार चमचे. तो १०० मिली गार पाण्यात कालवून गुठळ्या पूर्ण मोडा. दुसरीकडे २०० मिली पाणी उकळा आणि मंद आचेवर ढवळत ढवळत कालवलेला मैदा त्यात बारीक धारेने सोडा. तीन-चार मिनिटांत पांढरट रंग जाऊन खळ जराशी पारदर्शक दिसू लागते, तेव्हा उतरवा. कोरड्या मैद्यावर उकळतं पाणी ओतलं की पिठाच्या कणांचं वरचं आवरण लगेच शिजून चिकट होतं आणि आत कोरडं पीठ अडकतं. त्याच त्या गुठळ्या. झाल्याच तर गाळणीतून गाळा. खळ गार झाल्यावर आणखी घट्ट होते, म्हणून गरम असताना दाट कढीपेक्षा जास्त दाट करू नका. एवढी खळ दोन फुग्यांना पुरते. उरलेली झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्या. बाइंडिंगवाले खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या खळीत अजिबात नको.

आता फुगा. हे काम चार वर्षांच्या ईरालाही जमतं, किंबहुना त्या वयाच्या मुलांना यातलं फाडणं आणि चोपडणंच सगळ्यात आवडतं. एका कंदिलाला पतंगाच्या कागदाचे तीन ताव लागतील, एक पांढरा आणि दोन रंगीत. जिलेटीन कागद आणू नका, त्याला खळ धरत नाही. घोटीव कागदातून उजेड येत नाही. फुगा शेवटपर्यंत फुगवायचा नाही, साधारण २० सेंटिमीटर व्यास पुरे. सुतळीने मोजलात तर घेर ६३ सेंटिमीटर भरला पाहिजे. घट्ट फुगवलेला फुगा मुलांच्या नखानेही फुटतो. फुग्यावर तेलाचा हात फिरवा, म्हणजे शेवटी तो कागदापासून सहज सुटेल. मग गाठ खाली करून १० सेंटिमीटर तोंडाच्या जड वाटीत बसवा आणि दोन बाजूंनी चिकटपट्टीने वाटीला धरून ठेवा. वाटीच्या काठाखालचा भाग आपोआप कोरा राहतो, तेच कंदिलाचं तोंड.

कागद कापायचा नाही, चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे हातानेच फाडायचे. फाटलेल्या कडेचे तंतू एकमेकांत बसतात. कापलेली कड उजेडात रेघ होऊन दिसते आणि वाळल्यावर उचलली जाते. आधी फुग्यावर खळ लावा, तुकडा ठेवा, वरून पुन्हा खळीचा ब्रश किंवा बोटं फिरवा. प्रत्येक तुकडा शेजारच्यावर सेंटिमीटरभर चढला पाहिजे. पहिला थर पांढरा, दुसरा रंगीत, तिसरा पांढरा, चौथा रंगीत. हा अदलाबदलीचा क्रम शोभेसाठी नाही. कुठला भाग राहिला ते मुलांना स्वतःलाच दिसावं म्हणून आहे, नाहीतर एकीकडे आठ थर आणि दुसरीकडे एकच, आणि फुगा काढला की तिथेच भोक पडतं. पाचव्या थराला मुलांना हवी ती नक्षी करू द्या, चांदण्या, मासे, काहीही. त्यापुढे थर वाढवू नका, उजेड मरतो. पतंगाच्या कागदाचा रंग ओला झाला की सुटतो. लाल आणि जांभळा शेजारी आले तर तपकिरी राडा होतो, पिवळा-केशरी-लाल किंवा निळा-हिरवा अशा जोड्या ठेवा. कपडे जुनेच घाला, खाली रद्दी अंथरा.

पाचही थर एकाच दिवशी द्यायची गरज नाही. पहिले दोन झाले की रात्रभर वाळू द्यावं, बाकीचे दुसऱ्या संध्याकाळी. फुग्याची चिकटपट्टी सोडवून गाठीला दोरा बांधायचा आणि वाळत टाकायच्या दोरीवर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात लटकवायचा. पापडाला ऊन दाखवतो तसं याला दाखवायचं नाही. उन्हात आतली हवा प्रसरण पावते, फुगा मोठा होतो आणि अर्धवट वाळलेला कागद तडकतो. रात्री गारठ्यात फुगा आकसला तर ओल्या कागदाला सुरकुत्या पडतात. साताऱ्याला दिवस-रात्रीच्या तापमानात फरक पडतो, म्हणून रात्री घरातच ठेवा. शेवटच्या थरानंतर पूर्ण २४ तास, ढगाळ असेल तर ४८. टिचकी मारली की कोरडा, पोकळ आवाज आला पाहिजे. हाताला गार लागलं तर अजून ओलं आहे.

फुगा टाचणीने फट्कन फोडायचा मोह सगळ्यांनाच होतो. आत जराही ओल असेल तर फुटणारं रबर कागदाला आत ओढून घेतं आणि कंदिलाला पोचा येतो. गाठीजवळचा भाग चिमटीत धरून त्याला कात्रीने अगदी बारीक छेद द्या, हवा हळूहळू जाऊ द्या. रबर आतून सुटल्याचा चर्र आवाज येतो, मुलांना तो कान लावून ऐकायला आवडतो. रबराचे तुकडे लगेच उचला, लहान मुलाच्या घशात अडकू शकतात.

तोंड कात्रीने सारखं करून आतून पुठ्ठ्याची दोन सेंटिमीटर रुंद आणि ३४ सेंटिमीटर लांब पट्टी खळीने लावा. कपड्यांचे चिमटे लावून वाळेपर्यंत ठेवा. ही पट्टी टाळली तर दोऱ्याच्या ओढीने कागद तिथेच फाटतो. सारख्या अंतरावर तीन भोकं पाडा. दोनच पाडलीत तर कंदील एका बाजूला कलंडतो. दव किंवा पाऊस लागला तर खळ विरघळते, म्हणून टांगायचा तो छपराखालीच.

अर्णवला हे बाळबोध वाटेल. त्याला तेलकागदाचा कंदील द्या, त्यात मोजमाप आहे. ए-३ आकाराच्या चित्रकलेच्या कागदावर त्याने जलरंगाने किंवा मेणखडूने हवं ते रंगवावं. पोस्टर कलर नको, त्यातून उजेड जात नाही. चित्र पूर्ण वाळलं की कापसाच्या बोळ्याने दोन्ही बाजूंना गोडेतेल पातळ चोळायचं. कागदाच्या तंतूंमधल्या पोकळ्यांत हवा असते, ती उजेड विखुरते, म्हणून कागद अपारदर्शक दिसतो. तेल त्या पोकळ्या भरतं आणि चित्र रंगीत काचेचं झाल्यागत दिसू लागतं. खोबरेल नको, थंडीत थिजून पांढरे डाग पडतात. चारही कडांना दीड सेंटिमीटर जागा कोरडी ठेवायची, तेलावर खळ बसत नाही. रद्दीच्या दोन घड्यांमध्ये रात्रभर दाबून ठेवलं की जादा तेल टिपलं जातं.

बुडासाठी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा चालेल. कागदाची लांबी ४२ सेंटिमीटर, त्यातले दीड जोडावर जातात, उरले साडेचाळीस. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास जवळपास १२.९. हा भागाकार त्यालाच करू द्या. म्हणून पुठ्ठ्यावर ६.४ सेंटिमीटर त्रिज्येचं एक वर्तुळ आणि त्याच केंद्रातून ७.९ चं दुसरं. दोन्हींमधल्या पट्ट्याला कात्रीने दर सेंटिमीटरभर अंतरावर काप देऊन दात वर दुमडायचे. आधी कागदाची नळी करून मग बूड आत बसवायला गेलं की ते कधीच बसत नाही. दातांवर खळ लावून कागदाची खालची कड त्याच्याभोवती गुंडाळत न्यायची आणि उभा जोड सगळ्यात शेवटी बंद करायचा. वरच्या काठाला पुठ्ठ्याची पट्टी इथेही हवीच. तोंड सरळ आहे, त्यामुळे समोरासमोर दोन भोकं पुरतात.

उजेडाचं तेवढं दादालाच बघायला सांगा. या दोन्ही कंदिलांत पणती किंवा मेणबत्ती चालणार नाही, तेलकागद तर भसकन पेटतो. पेन्सिल सेलवर चालणारी एलईडीची माळ सगळ्यात बरी. घरच्या विजेवर लावायचाच असेल तर तीन वॉटचा एलईडी बल्ब, होल्डर कागदाला टेकणार नाही असा. बाजारात बटण सेलवरच्या प्लास्टिकच्या पणत्या स्वस्त मिळतात. त्यांचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर घरात आणूच नका. तो सेल मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. तसं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

किल्ल्यासाठी मावळे विकत आणता ते यंदा घरीच होऊ द्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी पाणी, तेही एकदम न ओतता लागेल तसं. दहा मिनिटं मळून पुरीच्या कणकेइतकं घट्ट करायचं. खडेमीठ मिक्सरमधून काढा, नाहीतर पृष्ठभाग खरखरीत होतो. गव्हाच्या कणकेतल्या कोंड्यामुळे नाक-डोळे नीट उठत नाहीत, म्हणून मैदाच. भरीव मावळा हमखास तडकतो, कारण बाहेरचा भाग आधी वाळून आकसतो आणि आत ओल तशीच असते. आत रद्दीच्या कागदाचा घट्ट बोळा घ्या आणि त्यावर अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर द्या. हात-डोकं जोडताना दोन्हीकडे पाण्याचं बोट लावायचं, कोरडं चिकटवलेलं वाळल्यावर गळून पडतं. पहिला दिवस सावलीत, मग दोन-तीन दिवस उन्हात, मध्ये मध्ये उलटवून. रंग पूर्ण वाळल्यावरच.

किल्ल्यावर मात्र त्यांना थेट मातीत रोवू नका. तुम्ही अळीव पेरून पाणी शिंपडणार, मीठ ती ओल ओढून घेतं आणि मावळा पायापासून विरघळू लागतो. वर त्याचं मीठ मातीत उतरून आजूबाजूचं अळीवही जळतं. प्रत्येकाच्या पायाखाली बाटलीचं झाकण ठेवा, मातीने झाकलं की दिसत नाही. आणि शेजारच्या कुत्र्याला त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका, इतकं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

तयार किटचे खोके मात्र आणू नका, दुकानदार काहीही म्हणो. इथे फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं तेव्हा त्याच्या मुलांच्या हातात लाकडी ठोकळे, काड्या आणि कागद होते. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं वापरली. ईराचा कंदील वाकडा झाला तर तो रात्री गुपचूप सरळ करू नका, तिला सकाळी लगेच कळेल.

फुगे चार-पाच जास्तीचे आणून ठेवा. मावळ्यांचे फोटो पाठवा, विशेषतः तडकलेल्यांचे. कुठून तडा गेला ते बघून काय चुकलं हे सांगता येईल. दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
माधवी