अंतिम फेरीआधी लेकीला

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

तिहेरी उडीच्या अंतिम फेरीविषयी काल फोनवर बोलताना तू सगळा वेळ बोर्डाबद्दलच, म्हणजे जिथून उडायचं त्या फळीबद्दलच, बोलत होतीस. बोर्डाचंही लिहिते, पण माझा जीव अडकलाय तो तुझ्या मधल्या टप्प्यात. पात्रता फेरीतल्या १३.८४ मीटरच्या उडीचं चित्रण थांबवून थांबवून पाहिलं. हॉप, म्हणजे उडालेल्याच पायावर उतरणं, साधारण ५.२०; मधली स्टेप, म्हणजे दुसऱ्या पायावर उतरणं, ३.६४; शेवटची वाळूतली जंप ५.००. म्हणजे स्टेप एकूण अंतराच्या जेमतेम २६ टक्के. ती २८-२९ टक्क्यांवर आली की चौदा मीटर तुझ्या आवाक्यात आहेत, आणि त्यासाठी वेग वाढवायची गरज नाही.

स्टेप तोकडी पडते त्याचं कारण स्टेपमध्ये नाही, हॉपमध्ये आहे. बोर्डावर तू लांब उडीसारखी वर चढतेस. जितकी उंच जाशील तितकी जोरात खाली येशील, आणि उतरायचंय त्याच एका पायावर. त्या क्षणी पायावर शरीराच्या वजनाच्या दहा पटींहून जास्त भार येतो. गुडघा लचकतो, कंबर खाली बसते, पाऊल जमिनीवर रेंगाळतं आणि वेग तिथेच सांडतो. मग स्टेप म्हणजे तोल सावरायला टाकलेलं पाऊल होऊन बसते. चित्रणाचा नुसता आवाज ऐक: बोर्डावरचा पहिला ठोका, मग लांब पोकळी, दुसरा ठोका, आणि तिसरा लगेच त्याला चिकटून. स्टेप हवेत राहिली तर दुसरा आणि तिसरा ठोका एकमेकांपासून सुटे ऐकू येतील.

तेव्हा बोर्डावरून पुढे पळत नीघ. शेवटचं पाऊल किंचित आखूड, तळवा सपाट, नजर वाळूच्या खड्ड्याच्या पलीकडे. हॉपमध्ये टाच नितंबाखालून फिरवून पाय पुढे आण आणि जमीन येण्याआधीच पाऊल खाली-मागे ओढायला लाग, म्हणजे ते कंबरेच्या फार पुढे टेकणार नाही. पाय ताणून पुढे टेकवलास की तोच ब्रेक लागतो. स्टेपमध्ये मांडी जमिनीला समांतर, नडगी उभी, आणि तशीच थांब. हे थांबणंच तुला जड जातं. जमीन आपल्याकडे येईपर्यंत पाय खाली सोडायचा नाही. तुझा पाय अर्ध्या वाटेतच जमीन शोधायला जातो. दोन्ही हात एकदम पुढे झोकणाऱ्या मुली तिथे दिसतील, पण हातांची पद्धत आता बदलू नकोस. त्याला एक अख्खा हंगाम लागतो.

आता बोर्ड. आधी एवढंच बघ की आपला बोर्ड कुठला. मोठ्या स्पर्धांत स्त्रियांचा बोर्ड खड्ड्यापासून ११ मीटरवर असतो, पुरुषांचा १३ वर, आणि धावपट्टी एकच. धाव मोजायची टेप बोर्डाच्या खड्ड्याकडच्या रेषेपासूनच लाव. बोर्ड २० सेंटीमीटर रुंद असला तरी मोजणी त्या पुढच्या रेषेपासून होते. तू १४ सेंटीमीटर मागून उडालीस तर ते १४ सेंटीमीटर गेलेच. २०२१ च्या नोव्हेंबरपासून फाउलचा नियमही बदललाय. पूर्वी रेषेपुढच्या प्लॅस्टिसिनवर, म्हणजे मऊ मातीसारख्या थरावर, ठसा उमटला तर फाउल धरत. आता बुटाचं टोक रेषेच्या उभ्या पातळीपुढे गेलं, मग ते खाली टेकलेलं नसलं तरी, लाल झेंडा.

पात्रता फेरीत तुझा फाउल सहा सेंटीमीटरचा होता, आणि तू लगेच धाव सुरू करायची खूण मागे घेतलीस. ती घाई झाली. धावपट्टीशेजारी दोन खुणा ठेवता येतात. एक सुरुवातीला ठेव, दुसरी बोर्डापासून सहा पावलांवर, आणि त्या दुसऱ्या खुणेवर प्रशिक्षकांना नजर ठेवायला सांग. तिथेही पाऊल पुढे पडत असेल तर सुरुवातीची खूण तेवढीच मागे घे. तिथे पाऊल बरोबर पडून पुढे फाउल होत असेल, तर खूण हलवून काही होणार नाही. तू शेवटच्या पावलांत बोर्डासाठी पाय लांबवते आहेस. तिथे धावेची लय सुधारायची. मागून वारा असेल तर खूण अर्धा-एक फूट मागे, समोरून असेल तर तेवढीच पुढे.

वाऱ्याचा आकडा फार मनावर घेऊ नकोस. तू बोर्डापासून ३५ मीटरवरची खूण ओलांडलीस की तिथून पाच सेकंद वारा मोजतात. दोन मीटर प्रतिसेकंदापेक्षा जास्त भरला तर विक्रम धरत नाहीत, पण त्या दिवसाच्या क्रमवारीत उडी पूर्ण मोजली जाते. त्यामुळे चांगल्या वाऱ्याची वाट पाहा, पण घड्याळ बघून. एका उडीला एक मिनिट असतं, शेवटचे पंधरा सेकंद उरले की पिवळा झेंडा वर जातो. तो दिसला की वारा विसरून पळायला लाग.

पहिली उडी वैध हवी, हे माझं ठाम मत आहे. खूण हातभर नाही, दहा सेंटीमीटर मागे ठेवून पूर्ण वेगाने. १९९५ ला गोटेबोर्गमध्ये युक्रेनच्या इनेसा क्रावेट्सच्या पहिल्या दोन उड्या फाउल होत्या आणि तिसरी १५.५० मीटर, जागतिक विक्रम. व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासने २०२१ मध्ये टोकियोत तो मोडला, १५.६७ वर, तोही शेवटच्या उडीत. २०२३ ला बुडापेस्टमध्ये शेवटच्या उडीपर्यंत ती पदकाच्या बाहेर होती आणि १५.०८ मारून सुवर्ण घेऊन गेली. या गोष्टी ऐकायला फार छान वाटतात, पण पहिल्याच अंतिम फेरीत तीन उड्यांनंतरच्या छाटणीत दोन लाल झेंडे घेऊन उभं राहणं कुणाच्याही वाट्याला येऊ नये. छाटणीत किती जणी ठेवणार ते त्या स्पर्धेच्या पत्रकात आधीच वाच. आणि बरोबरी झाली तर प्रत्येकीची दुसरी सर्वांत लांब उडी बघतात, म्हणून पहिली चांगली लागली तरी दुसरी वाया घालवू नकोस.

दोन उड्यांच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं जातात. बसून राहू नकोस. गरम कपडे चढव, आपली पाळी तीन-चार जणींवर आली की उठून चालायला लाग, मग दोन-तीन छोट्या धावा. टाच ठणकायला लागली तर ती लपवू नकोस, लगेच प्रशिक्षकांना खूण कर. मुका मार बसलेल्या टाचेवर माणूस नकळत चवड्यावर उतरतो आणि घोटा मुरगळतो.

कॉल रूममध्ये, म्हणजे मैदानात सोडण्याआधी खेळाडूंना जमवतात त्या खोलीत, बूट तपासतात: खिळे अकरापेक्षा जास्त नकोत, नऊ मिलिमीटरपेक्षा लांब नकोत. राखीव खिळे आणि पाना पिशवीत ठेव. फोन आत नेता येत नाही, म्हणून धावेची मापं कागदावर लिहून घे, दोन्ही खुणांची.

वाळूत उतरताना हात मागे टेकवायची तुझी सवय अजून गेलेली नाही. टाचा लागल्या की गुडघे मोड आणि कंबर टाचांच्या पुढे किंवा बाजूला काढ. मोजणी वाळूतल्या, बोर्डाच्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत होते; मागे टेकलेला हात वीस-तीस सेंटीमीटर खाऊन टाकतो. अंगाला जे काही लागलेलं असेल त्याची खूणही धरतात, म्हणजे मोकळी लांब वेणीसुद्धा. उठताना मागे पाऊल टाकू नकोस, पुढूनच बाहेर ये. वेणी वर गुंडाळून घट्ट बांध, पाठीवरचा क्रमांक चारही कोपऱ्यांना टाच.

तुझी,
आई