गावाची अब्रू सांभाळणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या पणजोबांच्या भुसार दुकानाची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, तुम्ही संग्रहालयात मांडलीत, त्याला वर्ष होत आलं. ती तुमच्याकडं ठेवण्याची मुदत वाढवून देण्याच्या कागदावर बाबांनी सही केली आहे. सोबत हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण आपल्या भागात कितीतरी घरांत जुने कागद पेट्यांत पडून आहेत.

वही किल्लारी पट्ट्यातल्या आमच्या जुन्या गावची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदं खाली आली. वाडा गेला, दुकान गेलं. ढिगाऱ्यातून निघालेल्या पत्र्याच्या पेटीत ही लाल खारव्यात बांधलेली वही होती. वहीत ज्यांची नावं आहेत, त्यांतल्या कित्येकांची आता बोरूनं लिहिलेली मोडीतली एक ओळ तेवढी उरली आहे. बाबा ती कुणाच्या हाती देईनात ते त्यामुळंच, असं मला वाटायचं.

पण त्यांच्या मनात दुसरंच होतं, आणि ते तुम्ही ओळखलंत. "त्यात उधाऱ्या हायेत. लोकायची अब्रू हाय ती," असं ते म्हणाले, तेव्हा एवढ्या जुन्या बाकीचं आता काय, असं तुम्ही म्हणाला नाहीत. बाबांना शेजारी बसवून पानन् पान वाचलंत. एकेक आडनाव आलं की बाबा सांगायचे, त्यांची नातवंडं कुठं असतात, कोण भूकंपात गेलं. तुम्ही ऐकून घ्यायचात, घाई नाही. मग मांडायला पान निवडलंत ते कार्तिक शुद्ध प्रतिपदेचं: शके १८६२, निजामाच्या राज्यातलं फसली साल १३५०, म्हणजे १९४० ची दिवाळी. त्यावर कुणाचीही उधारी नाही. जवारी, करडई, तुरीची आवक आहे आणि रकमांपुढं कुठं हाली, कुठं कलदार. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार, साधारण सात हालीला सहा कलदार, हा हिशेब पणजोबा रोज करत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला हे शाळेतलं पोरगंही सांगतं. पण तोवर आपला रुपयासुद्धा निराळा होता आणि हाली त्यानंतरही, थेट १९५९ पर्यंत चालला, हे त्या पानापुढं उभं राहिल्यावर कळतं.

उधारीची पानं बाबांच्या लेखी परवानगीशिवाय कुणाला दाखवायची नाहीत, त्यांचे फोटो द्यायचे नाहीत, हे कलम तुम्ही स्वतःहून करारात घातलंत. करार घरी नेऊन निवांत वाचा म्हणालात. सरकार वही ठेवून घेईल, असं आम्हाला कुणीकुणी सांगितलं होतं. १९७२ च्या कायद्यानं ऐतिहासिक मोलाचा कागद ७५ वर्षांचा झाला की पुरावस्तू ठरतो, तो देशाबाहेर नेता येत नाही, पण मालकी घरच्यांचीच राहते, हे तुम्ही बाबांना समजेल अशा भाषेत सांगितलंत. दान द्या, असा शब्दही काढला नाहीत.

वही ताब्यात घेताना तुम्ही केलेली नोंद मी जपून ठेवली आहे. कुठल्या पानाला कसर लागली, कुठं शाई उतरली, सगळं लिहिलंय. शिवणीतली माती मऊ ब्रशनं काढून तुम्ही वेगळ्या पाकिटात ठेवलीत आणि पाकिटावर "१९९३ च्या ढिगाऱ्यातील" असं लिहिलंत. पहिल्या पानावरचे हळदीकुंकवाचे डाग तसेच राहू दिलेत. ते डाग आमच्या आजीच्या हातचे आहेत. मंद उजेड, वहीखालचा उतरता आधार, काही महिन्यांनी पान बदलणं, यामागची कारणं तुमच्याकडूनच कळली.

लक्ष्मीपूजनाला वही पाटावर नसणार, म्हणून आई कष्टी होती. तुम्ही अख्ख्या वहीची छापील प्रत बांधून पाठवलीत. आईनं तिचीच पूजा केली, आणि आता मोडी शिकायला माझी पुतणी तीच प्रत वापरते.

आणखी एक. नव्या गावातल्या आमच्या शेजाऱ्यांकडं निजामाच्या काळातली उर्दू शिक्क्याची खरेदीखतं आहेत. त्यांना तुमच्याकडं पाठवतोय. तेही बाबांसारखेच बिचकताहेत, तेव्हा त्यांनाही करार आधी घरी न्यायला द्या.

आपला,
रोजकीर्दवाल्यांचा पणतू
लातूर