भाऊबीजेच्या पहाटेची तिकिटं काढली आहेत

नागपूर

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर बाबा "पाहू" म्हणतात, आई "तुझे बाबा म्हणतील तसं" म्हणते आणि विषय तिथंच संपतो. म्हणून लिहितोय. भाऊबीजेला इथे वसंतराव देशपांडे सभागृहात दिवाळी पहाटेचा कार्यक्रम आहे. आपल्या सगळ्यांची तिकिटं मी काढली आहेत. परत होतात का, ते विचारलंच नाही.

आता तुमची कारणं. लक्ष्मीपूजन घरीच होईल, पाडव्याचं गायगोधनही होईल. गाडी त्यानंतर दुपारी येईल. वेचाईच्या बाया दिवाळीत तशाही वावरात फिरकत नाहीत. धारेचं शेजारच्या काकांशी बोललोय. मामा नागपुरातच, म्हणजे आईला ओवाळायला वेगळी चक्कर नको. ताई वर्ध्याहून आदल्या रात्रीच येतेय, तिचीही मूर्तिजापूरपर्यंतची धावपळ वाचली. बघा, सगळं जुळतं. नसतं जुळलं तरी तिकिटं काढलीच असती म्हणा.

वसंतराव आपल्या मूर्तिजापुरात १९२० साली जन्मले, हे बाबा तुम्ही घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवता. त्यांच्या नावाच्या सभागृहात मात्र तुम्ही अजून पाऊल टाकलेलं नाही. आणि आई, आकाशवाणी नागपूरवर नाट्यगीत लागलं की तुझं दूध हमखास उतू जायचं. गाणारा माणूस समोर बसलाय, मागे तंबोरे लागलेत, असं तू कधी ऐकलंस? घरचं आवरता आवरता ऐकलंस तेवढंच.

बाबा, एक बोलतो, रागावू नका. मंडळाच्या प्रार्थनेला हल्ली तुम्ही खंजेरी दुसऱ्याच्या हातात देता, असं कळलं. मनगट दुखतं म्हणता. दुखतही असेल. पण कानाचं मशीन कपाटात आहे, हेही मला माहीत आहे. मशीन घातलं की टाळ कर्कश लागतात ही तुमची तक्रार अगदी खरी, मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते मशीन मुळात बोलणं ऐकू यावं म्हणून लावलेलं असतं. बारीक आवाज उचलतं, मोठा दाबतं. लांबवलेला सूर तर कधी कधी मशीनची शिट्टी समजून कापायला जातं. बहुतेक मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळी सेटिंग करून मिळते. म्हणजे कान अजून सुरात आहेत, मशीनलाच सूर कळत नाही.

काकड्याला मी तुमच्या मांडीवर झोपून जायचो, तेव्हा तुम्ही माझ्या पाठीवर हळूच ठेका धरायचात. अजून झोप येईना की उशीवर बोटं तशीच चालतात. पोरगा एवढा मोठा झाला अन् हे लिहितोय, हसू नका.

राहण्याची काळजी करू नका. घर तळमजल्यावर आहे, संडास खुर्चीचा आहे, गिझर आहे. खुर्च्या मधल्या रांगेत, कडेच्या घेतल्यात. स्पीकर लांब राहतात आणि उठायचं झालं तर कुणाचे पाय ओलांडावे लागत नाहीत. मध्येच कंटाळा आला तर घरी येऊ, कुणी काही म्हणणार नाही. आई, इथे तुला चुलीपुढे जायचं नाही. सुनेनं पाटवडीचा बेत ठरवलाय, फक्त मसाला तुझा आण.

आणि ऐका. आई, तुझ्या साखरेच्या गोळ्या पिशवीत नको, हातातल्या पर्समध्ये ठेव. पहाटे उपाशी निघायचं नाही, भाऊबीज असली तरी. बाबांचा स्वेटर आणि तुझी शाल वर ठेव, पेटीच्या तळाशी नको. करंज्यांचा डबा आणलास तरी तो बाबांसाठी आणि पोरांसाठी.

अकोल्याला मशीनसाठी गुरुवारी अकराची वेळ घेऊन ठेवली आहे. मशीन, त्याची डबी आणि जुना तपासणीचा कागद न्या. आई, तू सोबत जा, नाहीतर हे स्टँडवर चहा पिऊन तसेच परत येतील.

तुमचा धाकटा